डिस्क गोल्फ, सायकल आणि मधले चार सेकंद

मागच्या महिन्यात माझा भाचा अमेरिकेहून आला, बॅगेत कपडे कमी आणि प्लॅस्टिकच्या चकत्या जास्त, आणि पहिल्याच रविवारी पहाटे मला म्हणाला मामा, टेकडीवर चल, तुला डिस्क गोल्फ दाखवतो. आम्ही पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पंचवटीच्या बाजूने चढलो, वर जरा सपाटी आहे तिथे त्याने लांबचं एक झाड हेरलं आणि म्हणाला ही आपली बास्केट समज. मध्ये एक पायवाट आडवी जाते, तिच्या डाव्या हाताला गिरिपुष्पाची दाट झाडी. त्याने नीट डावी-उजवीकडे पाहिलं, मी पण पाहिलं, कुणी नव्हतं, आणि त्याने चकती सोडली. ती हवेत असतानाच झाडीमागून एक मुलगी सायकलवर बाहेर आली. चकती तिच्या हँडलच्या पुढून जेमतेम वीतभरावरून गेली आणि पलीकडच्या खोडावर टक् करून आपटली. मुलीने करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक मुरमावर फरपटलं, वेळेत पाय टेकवला म्हणून पडली नाही. ती ओरडली वगैरे काही नाही, फक्त हेल्मेटचा पट्टा काढायला गेली तर हात इतके थरथरत होते की तो निघेना. मग म्हणाली, "दादा, मी दिसले नाही का तुम्हाला?" भाचा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "ताई, खरंच बघितलं होतं मी, रस्ता रिकामा होता."

दोघंही खरं बोलत होते. आणि हेच मला त्या दिवसापासून छळतंय. म्हणजे चूक कुणाची हे शोधायला गेलं तर सापडत नाही, मुलगी काही बेफाम चालवत नव्हती, भाचा काही आंधळेपणाने फेकत नव्हता, तरी वीतभराने वाचलं. ती गेल्यावर मी त्या खोडापाशी गेलो, साल चंद्रकोरीच्या आकारात उडाली होती, आतलं ओलं लाकूड दिसत होतं. मी स्वतः बरीच वर्षं टेकडीवर सायकल घेऊन जातो, त्यामुळे हे नक्की कसं घडतं ते समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. जे समजलं ते इथे लिहितोय, कारण आज ना उद्या हा खेळ आपल्याकडे पण रुजणार, आणि समजा नाही रुजला तरी टेकडीवर क्रिकेट, फ्रिस्बी, पळणारे, कुत्री आणि सायकली हे सगळं एकाच वाटेवर आहेच.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. गोल्फच, पण बॉल आणि काठीच्या ऐवजी चकती, आणि खड्ड्याच्या ऐवजी खांबाला लावलेली जाळीची टोपली, वर साखळ्या लोंबत असतात, त्या साखळ्यांना आपटून चकती टोपलीत पडली की झालं. कमीत कमी फेकींमध्ये टोपली गाठायची, अशा सहसा १८ टोपल्या. याचा पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात ला कॅन्याडा फ्लिंटरिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला, एड हेड्रिक नावाच्या माणसाने केला, साखळ्यांची टोपली पण त्याचीच, आणि १९७६ मध्ये त्यानेच या खेळाची संघटना काढली, पीडीजीए. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांमध्ये, तिकीट नाही, हिरवळ राखायची नाही, झाडं तोडायची नाहीत. उलट झाडं, चढउतार, ओबडधोबड जमीन जितकी जास्त तितकी खेळाला मजा. आता विचार करा, झाडं, चढउतार आणि ओबडधोबड जमीन अजून कुणाला हवी असते? माउंटन बाइकवाल्यांना. भांडणाचं मूळ इथे आहे, दोघांना हवी असलेली जमीन एकच, आणि शहरात ती असते मूठभर.

आता ही चकती म्हणजे आपण बीचवर खेळतो ती फ्रिस्बी नव्हे, हे मी हातात घेतल्यावर कळलं. लांब फेकायच्या चकतीला ड्रायव्हर म्हणतात, साधारण २१ सेंटीमीटर व्यास, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, आणि तिची कड जाड, कडक आणि पुढे निमुळती, अगदी धार नाही पण बोट फिरवलं की लक्षात येतं की ही वारा कापायला केलीये. चांगला हौशी खेळाडू ती ताशी ८०-९० किलोमीटरने सोडतो, मुरलेले खेळाडू शंभरच्या पुढे जातात. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे हिशोब सरळ आहे, ९० च्या वेगाने आलेली चकती आणि ९० च्या वेगाने आलेला सीझन बॉल यांची ताकद जवळपास सारखी, चकतीची किंचित जास्तच. फरक एवढाच की बॉल टाकतात तेव्हा समोरचा बॅट, पॅड, हेल्मेट घालून तयार उभा असतो. आणि बॉल बाउंड्रीपर्यंत गेला तर सत्तर-ऐंशी मीटर, चकती मात्र किती लांब जाऊ शकते याचा अंदाजच येत नाही, २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या मदतीने डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर फेकलीये. हा विक्रम झाला, पण साधा हौशी माणूस पण ८०-९० मीटर आरामात टाकतो.

आणि आता मूळ गोष्ट, ज्यासाठी एवढं सगळं लिहायला बसलो.

८०-९० मीटरची फेक हवेत साधारण चार सेकंद असते. सुरुवातीला जोरात, मग हळू, शेवटी तरंगत. हातातून सुटल्यावर तिच्यावर आपला काही ताबा नाही, ब्रेक नाही, परत बोलावता येत नाही. म्हणजे फेकणाऱ्याला खरं तर "वाट आत्ता मोकळी आहे का" हे बघायचंच नसतं, त्याला बघायचं असतं की "वाट अजून चार सेकंद मोकळी राहील का". चालणाऱ्या माणसासाठी या दोन प्रश्नांचं उत्तर एकच येतं, कारण काका कितीही तरातरा चालले तरी ताशी पाच-सहा किलोमीटर, चार सेकंदांत सहा मीटर, फार तर सात. तेवढी वाट कुठल्याही झाडीतून दिसतेच. पण सायकल साध्या सपाटीवर २० ने येते, म्हणजे चार सेकंदांत २२ मीटर. जरा उतार असला की ३०, म्हणजे ३३ मीटर. आता पुन्हा आमची जागा आठवा, मी नंतर पावलं मोजली, वाटेच्या वळणापासून चकतीच्या रेषेपर्यंत १८ मीटर भरले. म्हणजे भाच्याने चकती सोडली त्या क्षणी ती मुलगी झाडीच्या मागे, दिसायच्या टप्प्याच्या बाहेर होती, आणि चकती पोचेपर्यंत ती बरोबर रेषेवर. त्याने दहादा पाहिलं असतं तरी त्याला ती दिसली नसती. बघण्याची ही सवय बागेत चालणाऱ्या माणसांवर घडलीये, सायकल आली की तीच सवय अपुरी पडते आणि फेकणाऱ्याला ते जाणवत पण नाही, कारण त्याने तर पाहिलेलं असतं ना.

यातून एक साधा नियम निघतो जो मला कुठल्याही पाटीपेक्षा जास्त कामाचा वाटतो. फेकेची रेषा जिथे वाट ओलांडते, तिथून दोन्ही बाजूंना निदान ३५ मीटर वाट स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तिथे एक माणूस उभा करायचा, आणि माणूस नसेल तर फेकायचं नाही. पस्तीस मीटर म्हणजे साधारण तीन बस एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं. टेकडीवर तेवढी सरळ वाट किती ठिकाणी दिसते ते पुढच्या वेळी गेलात की बघा.

सायकलवाल्याच्या बाजूने पण बघू. लोक म्हणतात एवढी मोठी चकती येताना दिसत नाही का. नाही दिसत, आणि त्याला कारण आहे. चकती वरून बघितली तर ताटलीएवढी, पण डोळ्यांच्या उंचीवर सरळ आपल्याकडे येत असेल तर दिसते फक्त तिची कड, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटरची एक रेघ. शिवाय सायकलस्वार बघत असतो कुठे, तर पुढच्या चाकासमोर दहा-पंधरा मीटर, दगड कुठे, मूळ कुठे, मुरूम सुटलाय का. आणि अजून एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. जी वस्तू आपल्याला येऊन धडकणार असते ती आपल्या नजरेत जागची हलत नाही. दोन्ही जण सरळ रेषेत, आपापला वेग न बदलता एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचत असतील तर समोरचा आपल्याला शेवटपर्यंत त्याच कोनात दिसत राहतो, फक्त मोठा होत जातो, आणि तो मोठा होणं अगदी शेवटच्या क्षणी जाणवतं. जहाजं चालवणाऱ्यांना हे शिकवतात, समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याला सरकणारी गोष्ट पटकन कळते, न सरकणारी कळत नाही. चौकात धडकल्यावर प्रत्येक टू-व्हीलरवाला म्हणतो ना, "अहो, तो एकदम आला कुठून!" तो थापा मारत नसतो. त्याला खरंच एकदम दिसलेला असतो.

बरं, दिसली तरी थांबता येतं का? २५ च्या वेगाने सायकल सेकंदाला सात मीटर जाते. बघून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद धरा, सात मीटर गेले. मग सुट्या मुरमावर ब्रेक लागून थांबायला अजून आठेक मीटर. पंधरा मीटर झाले. आणि मुरमावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला तर चाक सटकून माणूस आडवा. म्हणून मला असं वाटतं की चकती लागण्याइतकाच धोका चकती न लागण्यातही आहे, म्हणजे दचकून हँडल वळवणं, उताराच्या कडेला जाणं. हेल्मेट डोकं वाचवतं, मनगट, गालफाड, गळ्याचं हाड नाही वाचवत. त्या दिवशी ती मुलगी आमच्यासमोर पडता पडता वाचली, पडली असती तर चकती लागून नाही, ब्रेकमुळे पडली असती.

आता चकती जाते कुठे तेही बघा, कारण लोक समजतात की नेम धरला तिकडेच जाईल. चकती गरगर फिरत असते म्हणून तोल सांभाळून राहते, भोवऱ्यासारखंच, वेगात असताना ताठ आणि वेग कमी झाला की कलते. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन फेकली तर ती वरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि शेवटी वेग मंदावला की डावीकडे वळून पडते. जगात उजव्या हाताची माणसं जास्त, म्हणजे फेकेच्या रेषेच्या डाव्या अंगाला चकत्या जास्त पडणार. पण उजवीकडची वाट सुरक्षित असं समजू नका, बोटांतून सुटायला अर्धा क्षण उशीर झाला की तीच चकती पूर्ण जोरात उजवीकडे जाते, आणि ती सगळ्यात वाईट, कारण तो वेग तरंगतानाचा नाही, सुरुवातीचा असतो. त्यात झाडावर आपटून कुठे उडेल ते वेगळंच.

ओरडायचं काय, हा प्रश्न मला आधी बारीकसा वाटला होता. तिकडे गोल्फसारखंच "फोर!" ओरडतात, आणि ते ऐकलं की माणूस डोकं झाकून खाली वाकतो. आपल्याकडे मैदानात "फोर!" ऐकलं तर लोक मान वर करून चौकार कुणी मारला ते बघतील. आपण ओरडतो "बॉऽऽल!" किंवा "ओ दादा!", आणि त्याने तर माणूस हमखास आवाजाच्या दिशेने तोंड फिरवतो, म्हणजे चेहरा पुढे करतो. सायकलस्वाराच्या कानात वारा, बऱ्याचदा इअरफोन, त्यामुळे अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्याने तो मागे वळून बघतो आणि तोल जातो. म्हणून ओरडणं हा शेवटचा उपाय धरा, त्याच्यावर भिस्त ठेवून फेकू नका. शिट्टी जास्त चांगली, पण फेकायच्या आधी.

मग जबाबदारी कुणाची? मी सायकलवाला आहे म्हणून सांगत नाही, पण मला वाटतं पहिली फेकणाऱ्याची. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी सायकलस्वाराकडे नाही, ती म्हणजे कधी फेकायचं हे तो ठरवू शकतो. पीडीजीएच्या नियमातही हेच आहे की कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर फेकायचं नाही, मग तो खेळाडू असो की रस्त्याने जाणारा. पण आमच्या बाजूने पण खरं बोललं पाहिजे. माउंटन बायकिंगची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९८८ ची, तिचे नियम सांगतात की सायकलने पायी चालणाऱ्यांना वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यायची, ताबा सुटेल असं चालवायचं नाही. आणि आपल्यातले किती जण मोबाइलवर टायमिंग लावून उतरतात? सकाळी सातला टेकडीवर आजी-आजोबा हातात हात घेऊन उतरत असतात आणि मागून टायरचा आवाज पण न येता सायकल खेटून जाते, घंटी नाही. चार सेकंदांचा हा हिशोब आजोबांना पण लागू आहे, फक्त तिथे चकतीच्या जागी आपण असतो.

पण दोन्हीकडच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही असं माझं ठाम मत झालंय, माणूस दमतो, गप्पांत असतो, विसरतो. खरा उपाय आखणीत आहे. कोर्स आखताना फेकेची रेषा रहदारीच्या वाटेवरून न्यायचीच नाही हे पहिलं. न्यावीच लागली तर फेकायची जागा वाटेच्या अगदी जवळ ठेवायची, म्हणजे फेकणाऱ्याला दोन्हीकडचं लांबपर्यंत दिसतं आणि चकती पहिल्या अर्ध्या सेकंदातच वाट ओलांडून पलीकडे जाते, चार सेकंदांचा प्रश्नच येत नाही. उलट टोपली वाटेला चिकटून असली तर शेवटची तरंगणारी, भरकटणारी चकती वाटेवरच येणार. म्हणजे आमच्याकडे काय झालं होतं बघा, भाचा वाटेपासून लांब आणि झाड वाटेच्या पलीकडे लगेच, सगळ्यात वाईट रचना आम्ही नकळत निवडली होती. दुसरा मार्ग खेळाच्या नियमांतूनच येतो. वाट आउट ऑफ बाउंड्स ठरवायची, म्हणजे चकती तिथे पडली की एक फेक दंड, मग खेळाडू आपोआप तिच्यापासून लांब फेकतो. किंवा एखादं झाड सक्तीचं ठरवायचं की चकती याच्या उजवीकडूनच गेली पाहिजे, याला ते मँडो म्हणतात. पाटीवर "सावधान" लिहिण्यापेक्षा स्कोअर बिघडण्याची भीती जास्त काम करते.

सायकलच्या बाजूने आखणी म्हणजे वळणाच्या आधी दोन आडवे खांब मागेपुढे, की वळसा घेतल्याशिवाय जाताच येणार नाही, ३० चा वेग १० वर येतो आणि मग चार सेकंदांत ३३ च्या जागी फक्त ११ मीटर. वाट एकेरी केली तरी निम्मा प्रश्न सुटतो, कारण एकाच बाजूला बघायचं राहतं. आणि जागा खरंच कमी असेल तर वेळ वाटून घ्यायची. अमेरिकेत ताहो रिम ट्रेलच्या एका टप्प्यावर सायकलींना फक्त सम तारखांना जाऊ देतात. आपल्याला यात काही नवीन नाही, पी-वन पी-टू पार्किंग बघतच पुणेकर मोठा झालाय, सम तारखेला या बाजूला, विषमला त्या.

टेकडीचं एक मात्र वेगळं आहे. कोरड्या दिवसांत गिरिपुष्पाची पानं गळलेली असतात, तेव्हा वाट पन्नास-पन्नास मीटर दिसते, आणि माणूस म्हणतो जागा एकदम सेफ आहे. तीच जागा जुलैत जाऊन बघा, गवत कमरेएवढं, पानं दाट, दहा मीटरवरचं दिसत नाही, वर मुरूम ओला. म्हणजे अंतर मोजायचं ते पावसाळ्यात. शिवाय टेकडीवरची बरीचशी जमीन वनखात्याची, तिथे परवानगीशिवाय टोपल्या ठोकायचा विचारसुद्धा कुणी करू नये, आणि झाडांना बास्केट समजून त्यांच्यावर चकत्या मारणं पण मला आता पटत नाही, ती उडालेली साल पाहिल्यावर तर नाहीच.

पुढच्या रविवारी आम्ही परत तिथेच गेलो. चकती टाकायला नाही, भाच्याला बघायचं होतं की माणूस उभा करून ही जागा चालते का. मी वळणावर उभा राहिलो, गळ्यात शिट्टी, वाट मोकळी असली की हात वर, कुणी येत असलं की हात खाली, आणि तो लांबून प्रत्येक वेळी नुसती फेकायची ॲक्शन करत होता, चकती हातातच. तासाभरात मला एकोणीसदा हात खाली करावा लागला, त्यातल्या सात सायकली, आणि सातपैकी पाच त्याच्या जागेवरून शेवटपर्यंत दिसल्या नव्हत्या. पाचवी गेल्यावर तो चालत माझ्यापाशी आला, वळणापलीकडे उभा राहून बराच वेळ त्या वाटेकडे बघत राहिला, आणि चकती बॅगेत टाकत म्हणाला, "मामा, दुसरी जागा शोधू. मैदानच बघू."